मालक, डिलिव्हरीची वही उघडा

मराठवाड्यातल्या समस्त फर्निचर दुकानदार आणि शोरूमवाल्या मालकांना,

रामराम.

मी उदगीर तालुक्यातला एक वायरमन. घरगुती फिटिंग, इन्व्हर्टर, पाण्याच्या मोटारी, लग्नातली लायटिंग, जे येईल ते काम करतो. तुमच्यातले बरेच जण मला नावानिशी ओळखतात, कारण तुमच्या दुकानातून गेलेल्या वस्तूची पिन बोर्डात बसली नाही की गिऱ्हाईक तुम्हाला फोन करतं आणि तुम्ही मला. एकेकाला गाठून सांगत बसलो तर पुढची लगीनसराई उजाडेल, म्हणून सगळ्यांना मिळून हे उघड पत्र.

विषय आरशाच्या बल्बांचा आहे. आरशाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या गोल बल्बांची रांग असलेलं ते ड्रेसिंग टेबल अलीकडच्या लगीनसराईत आपल्याकडे घरोघरी गेलं. कंपनीचं नाव मी घेत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि माझं भांडण एका कंपनीपुरतं नाही. त्या कंपनीने डीलर लोकांच्या ग्रुपवर एक इंग्रजी मेसेज टाकला, तो एका मालकांनी मला वाचायला दिला. मजकूर असा, की काही मालात बल्बची अडचण आढळली आहे, ग्राहकाची तक्रार आल्यास बल्ब बदलून द्यावेत. मागोमाग नव्या बल्बांचे खोके आले. खोके तुमच्या गोदामात आहेत. बहुतेक ठिकाणी ते अजून फोडलेलेही नाहीत, कारण तक्रार आलेली नाही.

तक्रार येणार नाही, मालक. का येणार नाही ते पुढे सांगतो. आधी बल्बात काय आहे ते सांगतो, कारण मेसेजात नुसतं 'अडचण' लिहिलं आहे.

एका घरून बोलावणं आलं होतं. सुनेने सांगितलं, "मामा, आरशाजवळ जळाल्यासारखा वास येऊ लालाय." टेबल सरकवून बघितलं तर खालून तिसऱ्या बल्बमागच्या प्लायला रुपयाएवढा तपकिरी डाग, आणि बल्बच्या मानेचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडून तडकलेलं. पिन काढली, बल्ब निवू दिला आणि फिरवून काढायला गेलो, तर वरचा दुधी गोळा तेवढा माझ्या हातात आला. खालची मान होल्डरमध्येच. गोळा निघाल्यावर आत एलईडीची चकती उघडी पडते, तिच्यावर डाळिंबाच्या दाण्याएवढे पिवळे ठिपके आणि कडेला सोल्डरने जोडलेल्या दोन तारा. त्या तारांना पिन लावलेली असताना बोट लागलं तर घरातल्या मेन लाईनला बोट लावल्यासारखंच आहे, कारण या बल्बात मेन लाईन आणि चकती यांना वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर नाही. स्वस्त बल्बात एक कंडेन्सर, एक रेझिस्टन्स आणि चार डायोड घालून भागवतात. तेवढ्यावर उजेड पडतो. अशी रचना मुळातच वाईट असते असंही नाही. प्लॅस्टिकचं आवरण धड बसवलं असेल, ते हाताने निघत नसेल, आतल्या वस्तू दर्जाच्या असतील तर ती चालते. इथे गोळा नुसता दाबून बसवलेला आहे. उष्णतेने प्लॅस्टिक सैल झालं की तो सुटतो.

आता यातली खरी गोम ऐका. या टेबलाला दोन पायांची पिन आहे. ती बोर्डात उलटी घातली काय नि सुलटी घातली काय, बसतेच. टेबलावरचं बटण एकच तार तोडतं. पिन सुलटी असेल तर फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तुटतो. उलटी असेल तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटतो, बल्ब विझतो, आणि फेज मात्र बल्बपर्यंत तसाच उभा राहतो. बटण बंद आहे, बल्ब काळा आहे, आणि आत करंट आहे. रात्री दिवे मालवल्यावर त्या आरशाचे बल्ब अगदी मंद मिणमिणताना दिसतात असं काही घरांतून मला सांगितलं गेलं. एका आजीबाईंना ते शुभ वाटत होतं! बटण न्यूट्रल तोडत असलं की असं मिणमिणणं दिसतं, हे कुठलाही वायरमन सांगेल. आता विचार करा, नवी सून अंघोळ करून ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर उभी आहे, बटण बंद करून कापडाने आरसा पुसते आहे, आणि तिच्या हाताने गोळा निखळतो.

कोणी म्हणेल, कंपनी पुण्या-मुंबईलाही माल विकते, तिकडे का ओरड नाही? तिकडचं मला माहीत नाही, पण आपल्याकडची लाईन मला माहीत आहे. कागदावर २३० व्होल्ट. शेतीचा थ्री फेज चालू असताना गावात व्होल्टेज पडतं, मोटारी बंद झाल्या की एकदम चढतं. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला तर एखाद्या घरात चारशेच्या जवळपास जातं. टीव्ही, फ्रीज उडाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. कंडेन्सरवर चालणाऱ्या बल्बात व्होल्टेज वाढलं की त्या प्रमाणात करंट वाढतो आणि बल्ब तापतो. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी भिंतीला हात लावून बघा. बल्बातला कंडेन्सर असा असतो की उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि अर्थिंगचं तर विचारूच नका. घर बांधताना खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असतो, त्यानंतर त्यात कोणी तांब्याभर पाणी ओतत नाही. जानेवारीनंतर जमीन भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. या टेबलाला तिसरा पायच नाही, त्यामुळे अर्थिंग चांगलं असलं तरी उपयोग नाही, हा भाग निराळा. ईएलसीबी, म्हणजे तीस मिलिअँपिअरची गळती होताच लाईन तोडणारं यंत्र, ते किती घरांत आहे? मी सांगून सांगून थकलो. घरावर लाखो रुपये घालतात, त्या डबीचे पैसे काढताना हात आखडतो.

आता तक्रारीचं.

हे टेबल विकत कोणी घेतलं? मुलीच्या बापाने. कपाट, पलंग, ड्रेसिंग टेबल, भांड्यांचा सेट, कूलर. त्याला आहेर म्हणा, संसार म्हणा, हुंडा म्हणा, त्या वादात मी आज पडत नाही. सोयाबीन विकून, नाहीतर फायनान्सवाल्याचे हप्ते बांधून त्याने ते घेतलं. टेबल त्याच्या घरात एक दिवसही राहिलं नाही. तुमच्या टेम्पोने ते सरळ मंगल कार्यालयात उतरवलं, चार लोकांनी ते बघितलं, आणि संध्याकाळी व्याह्यांच्या ट्रॅक्टरमध्ये चढून ते दुसऱ्या तालुक्यात गेलं. म्हणजे बिल ज्याच्या नावाचं त्याच्याकडे वस्तू नाही. वस्तू जिच्याकडे आहे तिला दुकान कुठलं हे नीट ठाऊक नाही. आणि ती बोलणार आहे का? सासरी येऊन जेमतेम वर्ष झालेलं. माहेरहून आलेल्या वस्तूला खोट आहे हे आपल्याच तोंडाने सांगायचं? शॉक बसला तरी पोरगी म्हणते, "काही नाही, माझाच हात ओला होता." वास आला तर उदबत्ती लावते. ज्या सुनेने मला बोलावलं तिनेसुद्धा सासू शेतात गेल्यावर बोलावलं, आणि जाताना हळूच म्हणाली, "बाबांना नका सांगू, हप्ते चालू हैत."

या माणसांकडून तुम्ही तक्रारीची वाट बघता आहात.

बिघडलेला माल परत बोलावणं ही काही नवी गोष्ट नाही. २०१५ च्या जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आदेश आला आणि मॅगी बाजारातून परत गेली. आपल्या वाडीवरच्या किराणा दुकानातून पाकिटं काढून नेली होती, आठवतं ना? पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कंपनी परत उभी राहिली, ते असो. सांगायचं एवढंच की ठरवलं तर पाच-दहा रुपयांचं पाकीटही खेड्यातून परत जाऊ शकतं. गाड्यांचं तर रोजचं झालं आहे. तुमच्यातल्या कित्येकांना सर्व्हिस सेंटरचा फोन आला असेल, अमुक पार्ट बदलायचा आहे, गाडी घेऊन या, पैसे लागणार नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी खास कलमच आलं, ११० अ. गाडीला चासी नंबर असतो, आरटीओत मालकाचं नाव असतं, म्हणून फोन येतो. ड्रेसिंग टेबलाला आरटीओ नाही.

प्रेशर कुकरचं प्रकरण मला यात फार महत्त्वाचं वाटतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला आदेश दिला, की प्रमाणित नसलेले २,२६५ कुकर तुमच्या मंचावरून विकले गेले आहेत, ते घेणाऱ्या प्रत्येकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा. वर एक लाखाचा दंड. फ्लिपकार्टलाही तसाच आदेश झाला, तिथला आकडा ५९८ कुकरांचा. ॲमेझॉन त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तो वाद वकिलांचा. मला त्यातला आकडा लागला. दोन हजार दोनशे पासष्ट, एक कमी नाही, एक जास्त नाही. कोणाकोणाला विकलं याची यादी होती म्हणून तसा आदेश देता आला. उद्या तेच प्राधिकरण ड्रेसिंग टेबलाच्या कंपनीला म्हणालं, की घेणाऱ्या प्रत्येकाला कळवा, तर कंपनी कोणाला कळवणार? तिच्याकडे फक्त डीलरांची नावं आहेत. लातूरच्या डीलरला इतके नग, नांदेडच्या डीलरला इतके नग. तिच्या दृष्टीने माल तिथे संपला.

नुसती घोषणा करून भागत नाही, हे परदेशातही दिसलं आहे. आयकिया या स्वीडिश कंपनीने २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेत २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली. भिंतीला न बांधलेली ती कपाटं लहान लेकरांच्या अंगावर पडत होती, मुलं दगावली होती. जगभर बातमी झाली. तरी पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक मूल गेल्यावर तीच घोषणा परत करावी लागली. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून नवा नियम लागू झाला आहे. परत बोलावण्याच्या सूचनेत 'ऐच्छिक' किंवा 'खबरदारी म्हणून' असले शब्द वापरायला त्यात मनाई आहे, कारण असले शब्द वाचून माणूस धोका हलका समजतो. धोका काय आहे ते सरळ लिहा, आणि दुरुस्ती, बदली, परतावा यांतले किमान दोन पर्याय गिऱ्हाइकापुढे ठेवा, असं तो नियम सांगतो. आपल्या कंपनीचा मेसेज तिकडे चालला नसता. 'अडचण' म्हणे.

आता तुमच्या वहीकडे येतो.

प्रत्येक दुकानात गल्ल्याच्या बाजूला एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही असते. कुठे ती लाल कापडाची असते, कुठे बँकेने फुकट दिलेली जुनी डायरी. त्यात टेम्पोवाल्यासाठी लिहिलेलं असतं: तारीख, नाव, गाव, मोबाईल, 'पाटी पलंग १, कपाट १, ड्रे. टे. १', बाकी किती, आणि कोपऱ्यात 'शिवपार्वती मं. का. समोर' किंवा 'मारुतीच्या पाराजवळ फोन करणे'. पक्कं बिल आहे की कच्चं, हा विषय मी काढत नाही, तो तुमचा आणि तुमच्या सीएचा. मला हवी ती माहिती बिलात नाहीच, ती या वहीत आहे. मंगल कार्यालयाचं नाव आणि तारीख असली की लग्न कोणाचं हे गावात कोणीही सांगतं. लग्न कोणाचं कळलं की सासर कळतं. शिवाय फायनान्सवाल्याकडे अर्जाचे कागद आहेत आणि टेम्पोवाल्याला घरं तोंडपाठ आहेत. मी एका टेम्पोवाल्याशी बोललो. 'गोल बल्बचा आरसा कुठं कुठं टाकला' म्हटल्यावर त्याने चहा संपेपर्यंत औसा, निलंगा, देवणी, पार मुखेडपर्यंतची गावं मोजली. एवढी पक्की यादी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तक्रारीची वाट न बघता वही उघडा आणि फोन लावा.

यावर तुमचं काय म्हणणं येतं ते मला माहीत आहे. एका मालकांनी तोंडावर सांगितलं, "अहो, मी फोन करून सांगू की माझ्या दुकानातला माल करंट मारतो? उद्या माझ्याकडे कुत्रं फिरकेल का?" भीती खोटी नाही. समोरचा दुकानदार त्याचं भांडवल करणार, हेही खरं. म्हणून तर हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहितो. सगळ्यांनी एकाच आठवड्यात फोन केले तर कोणाचंच नाव वेगळं निघत नाही. तुमच्या जिल्ह्याजिल्ह्यात व्यापारी संघटना आहेत, दसऱ्याला दुकानं किती वाजता उघडायची हे त्या ठरवतात. हेही ठरवू द्या.

दुसरं म्हणणं, खर्च कोणी द्यायचा? बल्ब कंपनीने दिले, पण माणूस पाठवायचं पेट्रोल आणि मजुरी? हे रास्त आहे. ते कंपनीकडून मागा, लेखी मागा आणि एकत्र मागा. दोन पायांच्या पिनेच्या जागी तीन पायांची पिन आणि तिसरी तार टाकायची तर तेही कंपनीचंच काम. नुसता बल्ब बदलून बटणाची गोम सुटत नाही. खरं तर बटणच दोन्ही तारा तोडणारं हवं.

आणि 'माल कंपनीचा, आम्ही फक्त विकला' असं म्हणत असाल तर एकदा तुमच्या वकिलाला ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८६ वाचून दाखवायला सांगा. २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. विकणारा केव्हा स्वतः जबाबदार धरला जातो ते त्यात दिलं आहे. बनवणाऱ्याने धोक्याबद्दल दिलेली सूचना विकणाऱ्याने वस्तू विकताना पुढे पोचवली नाही, तर त्यातून झालेल्या इजेची भरपाई विकणाऱ्याकडून मागता येते. जोडणी करताना, तपासताना वाजवी काळजी घेतली नाही तरी मागता येते. बनवणारा कोण हेच कळत नसेल तरी विकणाऱ्याच्याच गळ्यात येतं. तो मेसेज तुमच्या मोबाईलवर तारीख-वेळेसह पडलेला आहे, आणि तो वाचल्याच्या निळ्या खुणा पाठवणाऱ्याला दिसतात. याहून मोठा पुरावा कोणाला शोधावा लागेल? तक्रार करणारी बाई आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाऊ शकते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मी तुम्हाला भीती घालत नाही. आधीच्या कलमात, ८५ मध्ये, आम्ही दुरुस्तीवालेही आहोत. धोका दिसूनही मी सांगितलं नाही तर मीही अडकतो, आणि अडकायलाच पाहिजे.

अमेरिकेत तर दुकानदारालाही वस्तूत धोका असल्याचं कळलं की चोवीस तासांच्या आत तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला कळवावं लागतं. आपल्याकडे त्या मेसेजवर लाईकचा अंगठा टाकून लोक पुढच्या फॉरवर्डकडे वळले.

फोनवर काय बोलायचं तेही लिहून देतो, म्हणजे दुकानातल्या पोराला वाचून दाखवता येईल. "आमच्याकडून घेतलेल्या गोल बल्बच्या ड्रेसिंग टेबलाची पिन आत्ताच्या आत्ता बोर्डातून काढा. टेबलावरचं बटण बंद करून भागणार नाही. बल्बला हात लावू नका, काढून बघू नका. आमचा माणूस येऊन फुकट बदलून देईल, तोवर पिन लावू नका." बस. घरात भीती नको म्हणून गोड करून सांगू नका. आणि बाप फोन उचलेल, तो म्हणेल सांगतो. त्याच्याकडून मुलीचा नंबर मागा. 'कंपनीने सगळ्यांनाच बदलून द्यायला सांगितलंय' असं आवर्जून म्हणा, म्हणजे माहेरच्या मालाला खोट निघाली असं त्या पोरीला वाटणार नाही आणि तिच्या सासूलाही टोमणा मारायला जागा राहणार नाही. काही घरांना कुलूप असेल. ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, काही जोडपी चाकण-हडपसरला भाड्याच्या खोलीत टेबलासकट गेली आहेत. त्यांच्या नावापुढे वहीत खूण करून ठेवा.

बल्ब काढून रिकामे होल्डर तसेच ठेवायचा शहाणपणा कोणी करू नका. लहान लेकराचं बोट होल्डरात बरोबर जातं.

बदलून देताना जो बल्ब बसवाल त्याच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. एलईडी बल्बाला ही नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६१०२ हे त्याचं मानक. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावाने नोंद आहे ते दिसतं. मी त्या तडकलेल्या बल्बावर क्रमांक शोधला. मानेवर फक्त एक चांदणी आणि 'बेस्ट क्वालिटी' छापलेलं होतं. कंपनीने पाठवलेल्या नव्या खोक्यातले बल्बही तपासून घ्या, विश्वास ठेवून मोकळे होऊ नका.

सुतारांकडून करून घेतलेल्या टीव्ही युनिटातल्या एलईडीच्या पट्ट्या आणि देवघरातला रात्रंदिवस जळणारा झिरो बल्ब (झिरो नाव असलं तरी जुना तारेचा बल्ब पंधरा वॅटच्या आसपास खातो आणि बंद प्लायच्या कळसात तापत राहतो) हा वेगळा विषय आहे. तिथे तर कंपनीही नाही, मेसेजही नाही. त्यावर कधीतरी सुतारमंडळींशी बोलू.

या पत्राची एक प्रत आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकारी साहेबांना पाठवतो आहे. साहेब, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १६ आणि १७ प्रमाणे अनेक ग्राहकांचं मिळून नुकसान होत असेल तर आपल्याकडे तक्रार करता येते आणि आपण चौकशी करून अहवाल पाठवू शकता. कलम २० खाली माल परत बोलावण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहे. ही तक्रारच समजावी. आणि एक विनंती. घर जळालं की पंचनाम्यात 'शॉर्ट सर्किट' लिहून मोकळं होतात. कोणत्या वस्तूपासून सुरुवात झाली, तिची कंपनी कोणती, तिच्यावर नोंदणी क्रमांक होता का, एवढे तीन रकाने पंचनाम्याच्या कागदावर वाढवायला सांगा. विद्युत निरीक्षकाकडे जाणाऱ्या कागदातही तेच यावं. एकाच कंपनीचं नाव तीन तालुक्यांतून आलं तर ते कोणाच्या तरी नजरेला पडेल. आज ते पडत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात हे टेबल असेल आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीत बोललं तरी चालतं.

आम्ही उदगीर, अहमदपूर, देवणी भागातले काही वायरमन एकत्र बसलो होतो. ज्या मालकांनी वहीतून नावं काढून दिली त्यांच्या गिऱ्हाइकांकडे आम्ही जाण्या-येण्याच्या पेट्रोलवर जाऊ, बदलायची मजुरी घेणार नाही. कंपनीने मजुरी दिलीच तर ती नंतर बघू. इतर जिल्ह्यांतल्या वायरमन भावांनी आपापलं ठरवावं. टेबलाच्या पाठीमागे खालच्या डाव्या कोपऱ्यात एक स्टिकर आहे, त्यावर मॉडेल आणि महिना छापलेला आहे. गिऱ्हाइकाकडून त्याचा फोटो आधी मागवून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल. पण फोटोसाठी टेबल सरकवण्याआधी पिन काढायला सांगा.

शेवटचं काम काढलेल्या बल्बांचं. ते गोणीत भरून दुकानाच्या मागे टाकू नका आणि भंगारवाल्यालाही घालू नका. आठवडी बाजारात ताडपत्रीवर 'दहाला दोन' म्हणून काय काय विकायला येतं ते आपण सगळे बघतो. प्रत्येक बल्बाचा गोळा काढून चकतीच्या तारा कापा, मोजा, कंपनीला परत पाठवा आणि जितके पाठवले त्याची सहीशिक्क्याची पावती घ्या.

आपला,
उदगीर तालुक्यातला एक वायरमन